सेकंडहँड ऊन

चंद्र मुळात जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे, असं मी वर्गात सांगते तेव्हा दरवर्षी एक तरी मूल माझ्याकडे असं बघतं की जणू मी त्याच्या आईला काही बोलले. मग मी समजावते. अंधाऱ्या खोलीत पाटीवर टॉर्च मारला तर काळी पाटीसुद्धा उजळ दिसते, चंद्राचंही तेच. भोवती काळंकुट्ट आकाश, अंगावर सूर्याचा झोत, म्हणून त्याचा एवढा रुबाब. मिळालेल्या उजेडातला थोडासाच तो परत पाठवतो, बाकीचा गिळून टाकतो. शुक्र त्या मानाने दिलदार. अंगभर ढग पांघरून बसलाय, आला तेवढ्यातला बहुतेक उजेड परत. हे सगळं मी परळच्या एका शाळेत सकाळच्या पाळीला वर्षानुवर्षं शिकवते आहे. पण उजेड परत करण्याच्या या व्यवहारात आपलंच घर अडकेल, तेही बोंबलांमुळे, असं कधी वाटलं नव्हतं.

आम्ही लालबागला राहतो, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. आई, बाबा आणि मी. आमची गॅलरी उत्तरेला तोंड करून आहे. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला सरकला की होळीपर्यंत गॅलरीत उन्हाचा ठिपका पडत नाही. गॅलरीच्या समोर, रस्त्यापलीकडे, टॉवर आहे. सगळा काचेचा, पण जरा तिरका उभा केलेला, त्यामुळे त्याच्या काचांवरचं ऊन आमच्याकडे न येता उड्डाणपुलावर पडतं आणि तिथल्या बाइकवाल्यांच्या शिव्या खातं. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता आणि त्रासही नव्हता. टॉवरशी आमचे संबंध तेवढेच होते.

या दिवाळीत बाबा आकाशकंदील लावायला स्टुलावर चढले. बाबा म्हणजे शिवडीच्या गोदामांत माल मोजण्यात हयात घालवलेला माणूस. आवाज असा की ट्रक सुरू असताना ड्रायव्हरला ऐकू जावा. त्याच वेळी गॅलरीच्या पार टोकाला राहणाऱ्या काकींशी त्यांचं भांडण चालू होतं. काकींनी आपली दोरी आमच्या दारावरच्या खिळ्याला का बांधली, हा विषय. विषय जुना, माझ्या दहावीच्या वर्षापासूनचा. भांडताना बाबांना एक हात वर नेऊन हलवायची सवय आहे. जमिनीवर ती शोभते, स्टुलावर चालत नाही. ते पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि कंदील यंदा काकींनीच लावला. तोही त्याच खिळ्याला.

डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेतलं. रोज चालवा, थोडं ऊन द्या, म्हणाले. आत्ता हिवाळ्यात चालले तर चालले, नाहीतर हे गृहस्थ पलंग सोडणार नाहीत. बाबांनी तो सल्ला भिंतीकडे तोंड करून ऐकला. घरी आल्यावरही ते तसेच राहिले, भिंतीकडे तोंड करून. वॉकर पलंगाशेजारी उभा, त्यावर आईने टॉवेल वाळत घातलेला. चला म्हटलं की म्हणायचे, "पडलो तेवढं पुरे." मी रागावले, गोड बोलले, शाळेत ढ मुलांसाठी राखून ठेवलेला आवाजही काढून बघितला. ढिम्म. खरी गोष्ट अशी होती की ते घाबरले होते. आयुष्यभर गोण्यांच्या थप्प्यांवर चढणारा माणूस स्वतःच्या घराच्या उंबऱ्याला घाबरत होता.

असे काही आठवडे गेले. मग एका रविवारी दुपारी, जेवणाच्या थोडं आधी, आमच्या दारासमोर ऊन पडलं. चटईएवढा कवडसा, कडा जराशा मऊ, पण ऊन म्हणजे ऊनच. आईने आधी बघितलं. ती आत गेली, उशा आणल्या आणि त्यात ठेवल्या. ऊन दिसलं की त्यात काहीतरी ठेवायचं, हा आमच्या चाळीचा धर्म आहे. एवढ्यात टोकाच्या काकी आल्या. आदल्याच दिवशी त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून आणलेले बोंबील मीठ लावून दोरीवर टांगले होते. आमच्या खिळ्यापासून त्यांच्या दारापर्यंत लांबच लांब ओळ, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने.

"बघितलास?" काकी आईला म्हणाल्या. "मी बोंबील घातलय नि दुसऱ्या दिसाक ऊन इला. देवाक माझी काळजी आसा."

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हसू आलं. मी त्यांना समोरचा टॉवर दाखवला. बाराव्या की चौदाव्या मजल्यावर, मला मोजता येईना, एका खिडकीची काच बाहेर उघडली होती. तेवढी एकच काच इतरांपेक्षा वेगळ्या कोनात आली होती, आणि मागच्या बाजूचं, आमच्या छपरावरून जाणारं ऊन तिच्यावर आपटून गॅलरीत येत होतं. भिंत उजेड चहूकडे उधळते, काच एकाच दिशेला पाठवते, आणि ती दिशा आज नशिबाने आपली आहे, असं मी म्हणाले. काकींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ता खरा. पण बोंबील घातल्यावरच इला ना?"

आतून बाबांचा आवाज आला. "ऊन कुठलं? थंडीत आपल्याकडे ऊन नसतं."

मी आत जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. ते विचारात पडले. "म्हणजे सेकंडहँड," म्हणाले.

"संकष्टीला चंद्र बघून जेवता तो काय फर्स्टहँड असतो?" आई दारातून म्हणाली. मला वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीत मी प्रकाशाचं परावर्तन इतकं थोडक्यात कधी शिकवलं नसेल.

बाबांनी खुर्ची मागितली. आम्ही दोघींनी धरून त्यांना दारात आणलं, कवडशात बसवलं, आणि आईने टॉवेलसकट वॉकर शेजारी आणून ठेवला. उशा मागे सरकल्या. बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या टकलावर आईने सकाळी चोळलेलं तेल होतं, ते चमकायला लागलं. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी बरं दिसत होतं. पण सूर्य काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. तो सरकला तसा कवडसाही सरकला, हळूहळू त्यांच्या खांद्यावरून उतरला आणि शेजारच्या दाराकडे निघाला. बाबांनी डोळे उघडले. "खुर्ची घे पुढे," मला म्हणाले. मी उठले तर आईने माझा हात दाबला.

"खुर्ची आता नाही हलत," आई म्हणाली. "ऊन पुढे गेलंय. पाहिजे तर तुम्ही जा."

खुर्ची न हलायला काय झालं होतं कोण जाणे, पण आईच्या या स्वरापुढे आमच्या घरात विज्ञान चालत नाही. बाबांनी तिच्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. मग वॉकरवरचा टॉवेल काढून माझ्या अंगावर फेकला आणि उभे राहिले. थरथरत, शिव्या देत, एकेक पाऊल टाकत ते शेजारच्या दारापर्यंत गेले आणि कवडशात जाऊन उभे राहिले. जरा वेळाने कवडसा पुढे सरकला, तेही सरकले. मी मागे खुर्ची घेऊन, न हलणारी तीच खुर्ची, चोरासारखी चालत होते.

तेव्हापासून रोजचं सुरू झालं. दुपारी ऊन आलं की बाबा उठत आणि त्याच्या मागून गॅलरीत चालत. मी शाळेतून येईपर्यंत ते तिसऱ्या-चौथ्या दारापर्यंत पोचलेले असत. कवडसा काकींच्या दाराच्या एक दार अलीकडे खांबावर चढून नाहीसा व्हायचा, तिथे बाबा थांबत आणि आई खुर्ची घेऊन जाई. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. काचेवरून आलेल्या उन्हाचा हाडांना फारसा उपयोग नसतो, म्हणाले, पण ते चालतायत ना, मग काचेवरून येऊ दे नाहीतर ताटावरून येऊ दे.

आता या सुखात एकच खडा होता, तो म्हणजे बोंबील. बाबांची वाट बरोबर दोरीखालून जायची. बोंबलांच्या शेपट्या त्यांच्या टकलावरून फिरायच्या. मिठाचं पाणी ठिबकायचं. खरं तर बाबा बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीशिवाय जेवत नाहीत आणि बोंबील त्यांचा जीव की प्राण. पण ताटातला बोंबील वेगळा आणि टकलावरचा वेगळा. काकींचं उलट म्हणणं होतं. बाबांच्या टकलावरून ऊन उडून त्यांच्या डोळ्यांत जातं, त्यांना तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. मी त्यांना सांगायला गेले की टक्कल काही आरसा नाही, तेल लावलं तरी त्वचा उजेड विखरूनच टाकते. त्यावर दोघंही माझ्यावर चिडले. बाबांना तो टकलाचा अपमान वाटला.

शेवटी बाबांनी गॅलरीत सगळ्यांदेखत विषय काढला. आजारी माणूस महत्त्वाचा की मासे. आता असा प्रश्न विचारल्यावर शेजारीपाजारी दुसरं काय उत्तर देणार? सगळे बाबांच्या बाजूने झाले. काकी उठल्या. त्यांनी एकेक जोडी दोरीवरून उतरवली, टोपलीत भरली आणि जिन्याकडे निघाल्या. गच्चीवर ऊन भरपूर आहे, पण गुडघे धरून तीन जिने चढायचे असतात. पहिल्या पायरीवर थांबून त्या बाबांना म्हणाल्या, "हे बोंबील आता खाली येवचे नाय. तुमी माझ्या दारात येऊन सांगशात तेव्हाच येतले." आणि वर गेल्या. दोरीही सोडून नेली. इतक्या वर्षांनी आमचा खिळा मोकळा झाला. त्या दिवशी जेवताना बाबांनी दोन वेळा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं नाही.

मी घरी आले तेव्हा बाबा वॉकर धरून दारात बसले होते, बसची वाट बघत असल्यासारखे. आकाश स्वच्छ होतं, पुलावर नेहमीसारखं झगझगीत ऊन होतं. टॉवरची ती खिडकी मात्र बंद होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बंद. मग बाबा आत गेले. पलंगावर आडवे झाले, आणि तोंड भिंतीकडे. "तुझ्या सूर्याने राजीनामा दिला," मला म्हणाले. चला, उन्हाशिवाय चालू, म्हटलं तर चादर डोक्यावरून ओढून घेतली. आईने वॉकरवर परत टॉवेल टाकला तेव्हा मला रडायला आलं. काकी दारावरून जाताना नुसतं म्हणाल्या, "बोंबील नायत, ऊन नाय." मी म्हणाले, योगायोग. पण जोरात म्हणाले नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर घरी न जाता मी तडक टॉवरच्या गेटवर गेले. वॉचमनने विचारलं, कुठला फ्लॅट. मला फ्लॅट कुठे माहीत होता? मी त्याला रस्त्यावर आणून बोटाने खिडकी दाखवली. त्याने खालून मजले मोजले, मी वरून मोजले, जमेनात, परत मोजले. मग त्याने इंटरकॉम उचलला आणि म्हणाला, "मॅडम, चाळीतून एक बाई आल्यात. तुमची खिडकी मागतायत." मग मला वर पाठवलं.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं, गाऊनवर ओढणी टाकलेली. घरात जमीन इतकी गुळगुळीत आणि पांढरी की माझ्या पायांचे तळवेसुद्धा तिच्यात दिसले. घरात त्या एकट्याच होत्या, मुलगा-सून ऑफिसला. मी खुर्चीच्या टोकावर बसून खिडकीचा विषय कसा काढावा याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तू समोरच्या चाळीतली ना? मग मला सांग, बोंबील कुठे गेले?"

मग मावशींनी, मी त्यांना मावशीच म्हणायला लागले, सगळं सांगितलं. मावशी मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. लहानपण आणि संसार नायगावच्या चाळीत गेला. मुलाने इथे घर घेतलं तेव्हा पहिली अट घातली, सुकी मासळी आणायची नाही, एसीत वास कोंडतो. मावशींनी अट पाळली. पण दिवाळीनंतर एकदा त्या काचेतून खाली बघत होत्या, तर आमच्या गॅलरीत बोंबलांची माळ लागलेली. तेव्हापासून रोज, मुलगा-सून ऑफिसला, सुट्टीच्या दिवशी मॉलला गेल्यावर, दुपारच्या जेवणाआधी त्या एसी बंद करायच्या, खिडकी उघडायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या.

"एवढ्या उंच वास येतो?" मी विचारलं.

"वास कसला येतोय," त्या म्हणाल्या. "दिसतात ना. चकाकतात मस्त. दिसले की वास येतो."

मी विज्ञान शिकवते. सूर्य आमच्या छपरावरून मावशींच्या काचेवर, काचेवरून काकींच्या बोंबलांवर, बोंबलांवरून परत मावशींच्या डोळ्यांत. आणि या सगळ्या खटाटोपाच्या मधून माझे वडील वॉकर घेऊन चालत होते. देवाला काळजी आहे म्हणणाऱ्या काकी बरोबर होत्या आणि मी चूक होते. मला त्या पांढऱ्या जमिनीत लपून बसावंसं वाटलं.

"मग एक टकल्या म्हातारा यायला लागला," मावशी सांगत होत्या. "रोज बोंबलांखालून जायचा. हळूहळू, नजर ठेवून. मला तेव्हाच संशय आला. आणि एक दिवस बघते तर सगळे बोंबील साफ. त्यानेच नेले असणार."

"ते माझे वडील," मी म्हणाले.

मावशींनी मला पाणी आणून दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, स्टुलापासून खिळ्यापर्यंत. गच्ची त्यांच्या खिडकीतून दिसत नव्हती, मधे पाण्याची टाकी येत होती. मी खिडकी उघडायची विनंती केली. मावशींनी विचार केला. "पोरी, उघडली असती," म्हणाल्या. "पण एसी बंद करून, त्या उन्हात बसून मी बघू काय? नुसता म्हातारा?" त्यांचंही चुकत नव्हतं. बोंबील लागले की खिडकी उघडेल, असं ठरलं.

घरी येऊन मी बाबांना आणि आईला सगळं सांगितलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा हसले नाहीत. चोर कोणाला म्हणाली, तेवढं एकदा विचारलं. मी म्हटलं, मी जाते काकींकडे. ते म्हणाले, "तू गेलीस तर देणार नाही ती. मला बोलावलंय." आणि परत भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळेला सुट्टी. दुपारी, एरवी ऊन यायचं त्याच्याही आधी, बाबांनी सदरा मागितला. इस्त्रीचा. मग घड्याळ मागितलं. वॉकरवरचा टॉवेल स्वतः घडी करून पलंगावर ठेवला. मी खुर्ची उचलली तर म्हणाले, "ती राहू दे." आणि उंबरा ओलांडला.

गॅलरीत सावली होती, थंडी होती. ते पहिल्या दारावरून गेले, दुसऱ्या दारावरून गेले. पुटपुटत होते, पण थांबले नाहीत. जिथे कवडसा नाहीसा व्हायचा त्या खांबाला त्यांनी हात लावला, श्वास घेतला आणि पुढे गेले. मी मागे तोंडावर हात ठेवून चालत होते. टोकाच्या दारावर त्यांनी कडी वाजवली.

काकी जेवणावरून उठून आल्या, हात खरकटा.

"वहिनी, बोंबील खाली आणा," बाबा म्हणाले.

"कित्याक?"

बाबांच्या आवाजात गोदाम नव्हतं. "मला चालायचंय," ते म्हणाले.

काकींनी बाबांच्या खांद्यावरून मागे बघितलं. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतची सगळी गॅलरी, आणि तिच्यात कुठेही ऊन नाही. "मगे हयसर कशे इलास?" त्यांनी विचारलं.

बाबांनी वळून बघितलं. आमचं दार खूप लांब होतं. त्यांनी मधली दारं एकेक करून मोजली. मग ते म्हणाले, "आलो खरा. पण परत जायला ऊन लागेल."

काकी हात धुऊन गच्चीवर गेल्या, गुडघे धरत. टोपली घेऊन आल्या, आणि आम्ही तिघांनी मिळून बोंबील टांगले. दोरीचं एक टोक बाबांनी धरलं. दुसरं मी पळत जाऊन आमच्या खिळ्याला बांधलं. मग आम्ही सगळे टॉवरकडे मान वर करून उभे राहिलो. काही वेळाने वर एक काच हलली, उघडली, आणि कवडसा पडला, थेट आमच्या दारासमोर, गॅलरीच्या त्या टोकाला.

बाबांनी वॉकर वळवला आणि बोंबलांखालून त्याच्याकडे चालायला लागले.